पेढी, हुंडी आणि कासीद

पैसा एका गांवाहून दुसऱ्या गांवास कसा जातो, हा प्रश्न सांप्रतच्या तरुण पिढीस पडतच नाहीं. पुण्यास शिकणाऱ्या मुलासाठीं लातुरांतील वडिलांनीं हातांतल्या मोबाईलवर बोट टेकविलें, कीं चूळ भरून होण्याच्या आंत रक्कम तिकडे जमा होते. सोय मोठीच आहे, यांत शंका नाहीं. परंतु या एका क्षणाच्या पोटांत दोन निरनिराळे धंदे दडलेले आहेत. देणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणें हा एक धंदा, आणि तो शब्द अगर तें द्रव्य वाटेंतील सर्व विघ्नांतून सुखरूप पोंचविणें हा दुसरा. पहिल्यास आपण बँक म्हणतों. दुसरा टपाल, रेल्वे व कुरिअर यांच्याकडे गेला आहे. दीडशें वर्षांपूर्वीं मात्र हीं दोन्ही कामें बहुधा एकाच छपराखालीं चालत, आणि आमच्या नांदेड-लातूर प्रांतांत तें छप्पर सावकाराच्या पेढीचें असे. त्या पेढीनें काय कमावलें, काय गमावलें, आणि तिच्या जागीं आलेल्या संस्थांपाशीं आपण कोणता प्रश्न विचारावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

अशा जोडधंद्याचें जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील वेल्स फार्गो कंपनी. १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें आणि देशोदेशींचे लोक तिकडे धांवले. सोनें खणणारे पुष्कळ होते. परंतु खणलेलें सोनें विश्वासानें विकत घेणारा, त्याच्या बदल्यांत दुसऱ्या शहरीं पटेल अशी चिठ्ठी देणारा आणि तें सोनें चोरवाटांतून पार नेणारा मनुष्य सहज मिळत नव्हता. ही उणीव हेन्री वेल्स व विल्यम फार्गो या दोघांनीं हेरली आणि १८५२ च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्क येथें आपली कंपनी स्थापिली. त्याच वर्षीं सान फ्रान्सिस्को येथें तिची कचेरी उघडली. कंपनीच्या एका मेजावर हुंड्या विकल्या जात आणि शेजारच्या मेजावर पेट्या रवाना होत. पुढें तिच्या घोडागाड्या इतक्या प्रसिद्ध झाल्या, कीं घोडागाडी हेंच तिचें चिन्ह होऊन बसलें. या कंपनीकडे आपणांस शेवटीं पुन्हां वळावें लागेल. परंतु आपल्या इकडे कंपनी हा शब्द कोणी ऐकलाही नव्हता, तेव्हांपासून हाच जोडधंदा चालत होता, हें प्रथम पाहूं.

अरण्याचा दर

आमच्या धर्मशास्त्रकारांस वाटेची किंमत पुरती ठाऊक होती. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत व्याजाचे दर दिलेले आहेत. तारण ठेवून कर्ज घेतलें असेल तर दरमहा ऐशींवा भाग, म्हणजे शेंकडा सव्वा रुपया. हा दर आजच्या मनुष्यासही ओळखीचा वाटेल. परंतु लगेच पुढें सांगितलें आहे, कीं जो व्यापारी अरण्यांतून जाणार त्यानें शेंकडा दहा द्यावे आणि जो समुद्रावर जाणार त्यानें शेंकडा वीस द्यावे. शाळेंत हा भाग सांगतांना मुलें या दरांस हसत. मी त्यांस विचारीत असें, कीं सव्व्याचे दहा झाले, ही वरची पावणेनऊ रुपयांची भर कशाची? रुपया तोच, महिनाही तोच. मग एखादा चुणचुणीत मुलगा म्हणे, "गुरुजी, वाटेंतल्या चोरांची." उत्तर अगदीं बरोबर होतें. धनकोचा पैसा रिणकोबरोबर अरण्यांत शिरे. अरण्यांत तो नाहींसा झाला तर धनकोही बुडे. ज्यानें जोखीम उचलली त्यास तिचें मोल मिळावें, असा हा सरळ न्याय आहे.

त्याबरोबरच मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत दुसरी मर्यादाही घातलेली आहे. एकदांच घेतलेल्या कर्जाचें व्याज मुदलाच्या वर जातां कामा नये. हाच आपल्या बोलींतला दामदुप्पटीचा नियम. मुंबई इलाख्यांतील इंग्रजी न्यायालयांनींही हिंदु ऋणकोंच्या बाबतींत तो मानला. जोखमीचें मोल घ्यावें, परंतु त्यासही सीमा असावी, या दोन विचारांमध्यें जुन्या सावकारीचा सारा बरा-वाईट इतिहास सांठविलेला आहे.

हुंडी म्हणजे काय

हुंडी हा शब्द सर्वांस ठाऊक आहे. तिची रीत मात्र आतां फारच थोड्यांस सांगतां येईल. लातूर हें गूळ, कापूस व गळिताचीं धान्यें यांचें पेठेचें गांव. समजा, तेथील एका व्यापाऱ्यानें सोलापुराहून हजार रुपयांचें कापड आणलें. तितके रुपये थैलींत भरून सोलापुरास धाडावयाचे तर गाडी हवी, पहारेकरी हवे, आणि तरीही दरोड्याचें भय आहेच. म्हणून तो गांवांतील पेढीवर रोकड भरतो आणि पेढीवाला आपल्या सोलापूरच्या आडतीवर हुंडी लिहून देतो. त्याच आठवड्यांत सोलापूरच्या एखाद्या व्यापाऱ्यास लातुरांत करडई खरेदी करावयाची असते. तो तिकडून इकडे हुंडी आणतो. दोन्ही हुंड्या दोन पेढ्यांच्या वह्यांत एकमेकींस छेदून जातात आणि एकही रुपया वाटेस लागत नाहीं. वर्षअखेर जी बाकी राहील तेवढीच चांदी प्रत्यक्ष हलते. या सेवेबद्दल जें मोल पडे त्यास हुंडणावळ म्हणत. सुगीच्या दिवसांत जिकडे रोकडीची ओढ अधिक तिकडची हुंडी महाग होई, इतर वेळीं स्वस्त होई. आजच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत विनिमयाचा दर म्हणून जो अध्याय असतो, तो आमच्या सराफांस तोंडपाठ होता.

हुंडीचे प्रकार पुष्कळ. दाखवितांच पैसे द्यावयाचे ती दर्शनी, ठराविक दिवसांनीं द्यावयाचे ती मुदती. नांव घातलेल्या मनुष्यासच द्यावयाची ती नामजोग, आणि पेठेंतील पतदार शाहामार्फतच पटावयाची ती शाहाजोग. या शाहाजोग हुंडीची खुबी अशी, कीं ती चोरीची अगर बनावट निघाली, तर ज्या शाहानें पैसे उचलले त्यानें ते परत भरून दिले पाहिजेत. त्यामुळें चोरानें हुंडी पळविली तरी ती वटविण्यास त्यास अब्रूदार मनुष्य मिळणें कठीण. हुंडीच्या मजकुरांत रक्कम एकदां लिहून भागत नसे. हजार रुपये, त्याचे निमे पांचशें, त्याचे दुप्पट पुरे हजार, अशी ती उलटसुलट लिहिली जाई. म्हणजे एखादें शून्य वाढविण्याची कोणाची छाती होऊं नये.

हुंडी वाटेंत हरवली तर लिहिणारा पेढीवाला दुसरी प्रत देई, तीस पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. समोरच्या आडत्यानें हुंडी सकारली नाहीं, तर लिहिणाऱ्यास मुद्दल, व्याज आणि वर नकराई नांवाचा दंड भरावा लागे. तसा प्रसंग येऊं नये म्हणून पुष्कळदां जिकरी चिठ्ठी बरोबर दिली जाई. पहिल्यानें नाकारलें तर अमक्या दुसऱ्या पेढीनें आमची अब्रू राखावी, असा तिचा आशय असे. पैसे चुकते झाल्यावर हुंडी रद्द होऊन परत येई, तिला खोखा म्हणत. आणि समुद्रमार्गाच्या व्यापारांत तर जोखमी हुंडी असे. माल सुखरूप पोंचला तरच ती पटावयाची. बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे पैसेही त्याबरोबर बुडाले. कर्ज, विमा आणि वाहतूक हीं तीन कामें एका चिटोऱ्यावर उतरलेलीं होतीं.

या सर्व नियमांचा मथितार्थ एकच आहे. ज्यानें पैसा हातीं घेतला, त्याच्या शिरावरची जोखीम खोखा परत येईपर्यंत उतरत नाहीं. हरवलें, चोरलें, नाकारलें, काहींही झालें तरी भरणारा गिऱ्हाईक मोकळा व घेणारा बांधलेला. हा नियम कोणा सरकारानें केलेला नव्हता. १८८१ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांत हुंड्या-चिठ्ठ्यांचा कायदा झाला, तेव्हां देशी भाषांतील हुंड्यांविषयींचा स्थानिक रिवाज त्या कायद्यानें तसाच राखून ठेविला. बाजारानें आपणच घालून घेतलेली ही शिस्त कायदेपंडितांसही मोडवेना, हें विशेष होय.

सावकाराचा कासीद

हुंडी लिहिली, पण ती पोंचवावयाची कोणी? तें काम कासीद व जासूद करीत. सरकारी जासूद निराळे आणि सावकारांचे निराळे. सावकारी कासिदास केवळ हुंड्याच न्यावयाच्या नसत. कोणत्या पेठेंत कापसाचा काय भाव आहे, कोणती फौज कोणीकडे चालली आहे, कोणती पेढी डळमळली आहे, ही वार्ताही त्याच्याच पिशवींत असे. वार्ता आधीं कळली तर धन राखतां येतें, म्हणून या मार्गावर सावकार सढळ हातानें खर्च करीत.

याचें सर्वांत हृदयद्रावक उदाहरण मराठी मनुष्यास निराळें सांगावयास नको, परंतु त्याची एक बाजू बहुधा लक्षांत येत नाहीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर घात झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळीं कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. नर्मदेच्या परिसरांत त्यांच्या लोकांस एक कासीद आढळला. त्याच्यापाशीं निघालेल्या पत्रांत मोत्यें, मोहरा, रुपये आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेंत त्या संहाराचा हिशेब होता. मोत्यें म्हणजे विश्वासराव व भाऊसाहेब, हें कळण्यास पेशव्यांस कोश उघडावा लागला नाहीं. हें पत्र पेशव्यांस लिहिलेलें नव्हतेंच. तो कासीद सावकारांचा होता, पत्र पानिपताकडील सावकारांनीं आपल्या आडत्यांस लिहिलें होतें, आणि तें चाललें होतें आमच्या मराठवाड्यांतील औरंगाबादेस. नऊ दिवसांत तें पोंचविण्याचा करार होता, असें ग्रांट डफनें आपल्या इतिहासांत नमूद केलें आहे. अंतर तीनशें कोसांहून अधिक, म्हणजे रोज निदान तेहतीस कोस. मराठी राज्याच्या सर्वांत मोठ्या अनर्थाची वार्ता राज्यकर्त्यास प्रथम कळली ती सावकारी टपालांतून. सरकारच्या जासुदांपेक्षां पेढीचे कासीद पुढें होते, याहून त्या व्यवस्थेच्या वेगाचें व विश्वासाचें दुसरें प्रमाण काय हवें?

रुपया तितक्या परी

पेढीवाल्याचें आणखी एक काम आजच्या वाचकांच्या ध्यानांत येणार नाहीं. निजामी राज्यांत रुपया म्हणजे एकच नाणें नव्हे. जुन्या काळीं निरनिराळ्या टांकसाळींतून निरनिराळे रुपये पडत, आणि प्रत्येकाची चांदी, प्रत्येकाचा बट्टा वेगळा. हा बट्टा पाहून नाणें पारखणें हें सराफाचें पिढीजात शास्त्र होतें. पहिले सालारजंग १८५३ सालीं दिवाण झाले, त्यानंतर त्यांनीं ही अंदाधुंदी आवरली आणि हैदराबादच्या टांकसाळींतील हाली शिक्का राज्यभर रूढ केला. तरीही हैदराबादी रुपया आणि इंग्रजी रुपया हा भेद राहिलाच. पुढें तो सात हैदराबादी म्हणजे सहा इंग्रजी, अशा बेतानें स्थिर झाला. नांदेडच्या मनुष्यानें पंढरीची वारी केली तरी सीमेवर त्याच्या सातांचे सहा होत. मराठवाड्यांतील शाळांत त्रैराशिकाचीं उदाहरणें याच भावाचीं असत, आणि मुलांस तीं लवकर समजत. कारण घरोघर तो हिशेब चाललेला असे.

सत्तेस दिलेलें कर्ज

येथवर पेढीची उजळ बाजू सांगितली. आतां दुसरी सांगितली पाहिजे. पेढी लहान व्यापाऱ्याच्या पतीवर उभी होती, तोंवर ती टिकली. ती सरकारास कर्ज देऊं लागली, तेव्हां तिचे पाय डगमगले आणि तिच्याखालीं रयत चिरडली.

विल्यम पामर नांवाच्या गृहस्थानें १८१४ च्या सुमारास हैदराबादेस पामर आणि कंपनी ही पेढी काढली. बंकटीदास नांवाचे गुजराती सावकार त्यांत भागीदार होते. दिवाण चंदूलाल यांच्या कारभारास पैसा नेहमींच अपुरा पडे आणि ही पेढी तो भारी व्याजानें पुरवी. पेढीचे दुसरे एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड यांची पत्नी गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज यांच्या घरीं वाढलेली. त्यामुळें कंपनीसरकारचाही वरदहस्त लाभला. १८२० सालीं साठ लक्षांचें कर्ज ठरलें. त्याच वर्षीं चार्लस मेटकाफ हे रेसिडेंट म्हणून आले आणि त्यांनीं हा व्यवहार बाहेर काढला. निजामास उत्तर सरकार प्रांताबद्दल इंग्रजांकडून दरसाल सात लक्षांची पेशकश मिळत असे. १८२३ सालीं त्या हक्काच्या मोबदल्यांत मोठी रक्कम एकरकमी घेऊन पेढीचें देणें भागविलें गेलें. कायमचें उत्पन्न गेलें आणि पुढच्याच वर्षीं पेढीही बुडाली.

त्यानंतर आले विकाजी व पेस्तनजी मेहेरजी हे पारशी बंधु. यांची कथा आपल्या विषयास अधिक जवळची आहे, कारण हे केवळ सावकार नव्हते, वाहतूकदारही होते. १८२५-२६ सालीं त्यांनीं वऱ्हाडांतील कापूस मुंबईस धाडला. पहिली खेप पांचशें बैलांच्या पाठीवरून गेली. माल एक लक्ष वीस हजार पौंड, किंमत पंचवीस हजार रुपये. वऱ्हाडच्या कापसास मुंबईची वाट दाखविणारी ही खेप होय. ज्या घरांत कापूस खरेदी, त्याच घरांत वाहतूक, त्याच घरांत हुंडी. वेल्स फार्गोच्या जन्माआधीं पंचवीस वर्षें ही पेढी तोच धंदा करीत होती. औरंगाबादेच्या टांकसाळींत त्यांच्या नांवानें जो रुपया पडला, त्यास लोक पेस्तनशाही म्हणत. परंतु पुढें याही पेढीनें चंदूलालांच्या कारभारास लाखों रुपये दिले आणि तारण म्हणून मुलखाचा वसूल लिहून घेतला. १८४३ सालीं चंदूलाल पायउतार झाले. नव्या कारभारानें मुलूख काढून घेतला, इंग्रज रेसिडेंटानें हात झटकले आणि पेढी बसली. कापसाच्या पांचशें बैलांनीं जें मिळविलें, तें राजाच्या एका कागदानें नेलें.

या कर्जबाजारीपणाचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी न फिटल्यामुळें १८५३ च्या तहानें वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हवालीं करावा लागला. धाराशिव व रायचूर १८६० सालीं परत मिळाले. वऱ्हाड कधींच परत आलें नाहीं. लातूर १९८२ पर्यंत ज्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे, तो मुलूख सात वर्षें गहाण पडल्यासारखा होता, हें आमच्याकडच्या मुलांस इतिहासांत सांगावयास हवें.

गांवोगांवच्या सावकारीचीही अशीच दुखरी कथा आहे. शेजारच्या पुणें व नगर जिल्ह्यांत १८७५ सालीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यांचा राग मनुष्यांपेक्षां कागदांवर अधिक होता, हें लक्षणीय आहे. पेठेंतील व्यापाऱ्यास हुंडी वाचतां येत होती, म्हणून ती त्याची ढाल झाली. शेतकऱ्यास कर्जरोखा वाचतां येत नव्हता, म्हणून तो त्याचा फांस झाला. दामदुप्पटीचा नियम पोथींत राहिला आणि वहींत दरसाल नवें मुद्दल मांडलें गेलें. आपल्यांतीलही कित्येक घराण्यांचे पूर्वज या व्यवहारांत होते. त्यांच्या वाड्यांचा अभिमान धरतांना त्या वह्यांची आठवणही ठेवावी.

रेल्वे आली, जोडी फुटली

पेढीचा जोडधंदा मोडला तो कोणा शत्रूनें नव्हे, तर टपाल व रेल्वे यांनीं. निजाम सरकारनें १८६९ सालीं आपलीं टपाल-तिकिटें काढलीं. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८८० पासून टपालकचेऱ्यांतून मनीऑर्डर सुरू झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे मनमाडपासून सिकंदराबादेपर्यंत पुरी झाली आणि नांदेड, उमरी, धर्माबाद हीं गांवें मुंबईच्या बाजारास जोडलीं गेलीं. इकडे बार्शी लाईट रेल्वेचा अरुंद रूळ १९११ सालीं लातुरास पोंचला. लातूरची गंजगोलाई १९१७ ची. तिच्या वर्तुळास सुमारें सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या प्रत्येक रस्त्यानें बाजार येई, परंतु कासीद मात्र आतां एकाही रस्त्यानें येईना. माल मालगाडींतून जाऊं लागला, चिठ्ठी टपालांतून, आणि सावकाराकडे राहिली ती केवळ पत. अमेरिकेंतही तेंच घडलें. १९०५ सालीं वेल्स फार्गोचा बँकेचा धंदा वाहतुकीपासून वेगळा झाला आणि १९१८ सालीं महायुद्धाच्या निमित्तानें तिची वाहतूक सरकारी व्यवस्थेंत विलीन झाली.

पतीचें कामही पुढें पेढीच्या हातून गेलें. १९४१ सालीं हैदराबाद स्टेट बँकेचा कायदा झाला आणि १९४२ च्या एप्रिलांत हैदराबादेस तिचें काम सुरू झालें. निजाम सरकारचें भांडवल तींत निम्म्याहून अधिक होतें, आणि उस्मानिया शिक्क्याची व्यवस्था तिच्याकडे होती. मराठवाड्यांत तिच्या शाखा निघाल्या, आणि त्यांपैकीं नांदेड जिल्ह्यांतील उमरीच्या शाखेचें नांव इतिहासांत राहिलें. हैदराबादचा मुक्तिसंग्राम ऐन भरांत होता. ३० जानेवारी १९४८ रोजीं, ज्या सायंकाळीं दिल्लीस महात्माजींची हत्या झाली त्याच दिवशीं, सशस्त्र कार्यकर्त्यांनीं उमरीच्या बँकेवर छापा घालून सुमारें वीस लक्ष रुपये नेले. एवढी रक्कम हातीं असतां ती लढ्यासाठीं खर्चिली गेली आणि पुढें तिचा हिशेब देण्यांत आला, ही गोष्ट आमच्या भागांत आजही छाप्याच्या धाडसापेक्षां अधिक अभिमानानें सांगतात. लुटीच्या पैशाचाही हिशेब द्यावयाचा असतो, ही समजूत ज्या समाजांत आहे, त्याच्या अंगीं पेढीचे संस्कार खोल रुजलेले असले पाहिजेत.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत हैदराबाद मुक्त झालें. १९५० सालीं भारतीय रुपया आला, संस्थानचें टपाल भारतीय टपालांत मिळालें, आणि १९५९ पर्यंत हाली शिक्का चलनांतून पुरता गेला. बँक १९५६ सालीं रिझर्व्ह बँकेच्या ताब्यांत जाऊन स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, १९५९ सालीं भारतीय स्टेट बँकेची दुय्यम बँक बनली आणि १ एप्रिल २०१७ रोजीं तींत पूर्णपणें विलीन झाली. नांदेड-लातुरांतील कित्येक निवृत्त मंडळींच्या जुन्या पासबुकांवर अद्याप तिचें नांव आहे.

आजचा प्रश्न

बँक आली हें इष्टच झालें. पेढीस कायद्याचें बंधन नव्हतें, गरिबास तिची पायरी चढवत नसे, आणि पेढी बुडाली तर ठेवीदारास विचारणारा कोणी नव्हता. परंतु संस्था मोठी झाली म्हणजे तिची पत आपोआप मोठी होते, असें मात्र नाहीं. जी वेल्स फार्गो सोन्याच्या प्रत्येक तोळ्याचा हिशेब देऊन नांवारूपास आली, तिच्याच नोकरांनीं ग्राहकांच्या नकळत लाखों खोटीं खातीं उघडल्याचें २०१६ सालीं उघडकीस आलें, आणि तिला साडेअठरा कोटि डॉलर दंड भरावा लागला. एका शतकाहून अधिक काळ मिळविलेली अब्रू वरिष्ठांनीं नेमून दिलेल्या उद्दिष्टांच्या आंकड्यांसाठीं पणास लागली.

आपल्याकडे आतां कासिदाचें काम विजेच्या लहरी करतात आणि त्या अरण्यांतही चोर आहेतच. आपणांपैकीं अनेकांच्या घरीं वृद्ध माणसांस बँकेच्या नांवानें दूरध्वनि आलेला आहे. अशा वेळीं जुना प्रश्न पुन्हां उभा राहतो: वाटेंतल्या चोरीची जोखीम कोणाची? रिझर्व्ह बँकेनें २०१७ च्या जुलैंत या विषयीं जें परिपत्रक काढलें, त्यांत असें ठरविलें, कीं ग्राहकाची अगर बँकेची चूक नसतां तिऱ्हाइतानें परस्पर रक्कम काढली आणि ग्राहकानें तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळविलें, तर त्याच्यावर कसलाही बोजा पडूं नये. परंतु त्यानें स्वतःच गुप्त आंकडा दुसऱ्यास सांगितला असेल, तर कळविण्यापूर्वींचें नुकसान त्याचेंच. पहिला भाग थेट आमच्या शाहाजोग हुंडीच्या वंशांतला आहे. दुसरा प्रत्येक घरांत वडील मंडळींस समजावून सांगण्यासारखा आहे. लाजेनें गप्प बसणें हा सर्वांत महाग पडणारा दोष होय. पेठेंत हुंडी हरवली तर व्यापारी दवंडी पिटल्यासारखा चारचौघांत सांगत सुटे. कारण उशीर झाला कीं दाद कमी, हें त्यास ठाऊक होतें.

शेवटीं एक विनंति. नांदेड, लातूर, परभणी, बीड या भागांतील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून लाल कापडांत बांधलेल्या वह्या आहेत. त्यांत मोडींत लिहिलेले खोखे, पेठ, जमाखर्च, हाली व इंग्रजी रुपयांचे हिशेब आहेत. वाडे पडत आहेत आणि ते कागद रद्दींत जात आहेत. मोडी वाचणारे हात थोडे उरले आहेत, पण उरले आहेत. दिवाळीच्या झाडलोटींत असा गठ्ठा हातीं लागला, तर तो टाकण्यापूर्वीं एकदां जाणत्या मनुष्यास दाखवावा. तुमच्या पणजोबांनीं कोणाचा पैसा कोठें पोंचविला आणि कोणाचा मुलूख कसा गिळला, हीं दोन्ही उत्तरें त्यांत सांपडतील. दोन्ही वाचावयाचीं आहेत.